जुन्या मखमली खुर्च्या निवडताना नेमके काय पाहावे?

निवांत
बैठकीच्या खोलीसाठी दोन खुर्च्या घ्यायच्या आहेत आणि त्या नव्याकोऱ्या न घेता जुन्या, मखमल लावलेल्या घ्याव्यात, असे घरात बहुमताने ठरले आहे. अल्पमताचे म्हणणे असे की, जुनी खुर्ची म्हणजे दुसऱ्याची धूळ आणि तिसऱ्याचे ढेकूण स्वतःच्या पैशाने घरी आणणे. या आक्षेपाला माझ्याकडे अजून उत्तर नाही, म्हणून हा धागा.

सध्या एक जोडी मनात भरली आहे. दोन्ही खुर्च्या बिनहाताच्या आणि बऱ्याच ठेंगण्या आहेत. पाठ उंच असून तिच्यावर खोल दाबलेली बटणे आहेत, पुढचे पाय कातीव आहेत आणि त्यांच्या टोकांना पितळी वाट्यांत बसवलेली पांढरी चिनी मातीची चाके आहेत. मखमल गडद हिरवी आहे. बैठकीच्या पुढच्या कडेला तिची लव झिजून खालची वीण दिसते, आणि बसल्यावर आत स्प्रिंगा असल्याचे स्पष्ट जाणवते. विकणाऱ्या गृहस्थांच्या मते हा 'अठराव्या शतकातील, संपूर्ण मूळ अवस्थेतील' ऐवज आहे. हे विधान कितपत खरे मानावे, मखमल ठेवावी की बदलावी, आणि अशा खुर्च्या रोजच्या बसण्याउठण्याला टिकतात का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे. त्यांच्या दिसण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दिसण्यावर भाळल्यामुळेच तर हा प्रश्न उभा राहिला आहे.

सुतारपक्षी
सर्वप्रथम खुर्ची उलटी करा. दर्शनी भागाला प्रत्येक पिढी हात लावते, पॉलिश करते, कापड बदलते. खालच्या बाजूकडे सहसा कोणी फिरकत नाही, त्यामुळे पुरावा तिथेच शिल्लक राहतो.

बैठकीच्या चौकटीच्या आतल्या अंगाला करवतीच्या खुणा दिसतात का, ते पाहा. सरळ आणि किंचित अनियमित ओरखडे असतील, तर ते लाकूड हातकरवतीने किंवा खाली-वर चालणाऱ्या करवतीने चिरलेले आहे. कमानीसारखे वळलेले ओरखडे गोल करवतीचे असतात, आणि ती करवत सर्वत्र रुळली एकोणिसाव्या शतकात. एखादा स्क्रू सैल असेल, तर मालकाला विचारून तो काढून पाहा. हाताने घडवलेल्या जुन्या स्क्रूचे टोक बोथट असते आणि डोक्यावरची खाच बऱ्याचदा मध्यापासून सरकलेली असते. यंत्रावर केलेले, अणकुचीदार टोकाचे स्क्रू १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आले. अर्थात, एखादा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीतलाही असू शकतो, म्हणून एका पुराव्यावर निकाल देऊ नये.

आणखी एक परीक्षा आहे आणि ती मला सर्वांत आवडते. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आक्रसते, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नाही. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी नेमका गोल कातलेला पाय आज कॅलिपरने मोजला, तर दोन दिशांना किंचित वेगळा भरतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि नक्कल करणाऱ्यांच्या सहसा ध्यानातही येत नाही.

तरीही माझ्या मते वयापेक्षा बळकटी महत्त्वाची. एक हात पाठीच्या वरच्या कडेवर आणि दुसरा बैठकीच्या पुढच्या कडेवर ठेवून खुर्ची हलकेच मागे-पुढे दाबा. मागचा पाय जिथे बैठकीला मिळतो, तो सांधा कुरकुरला तर सरस सुटला आहे असे समजावे. हा मोठा दोष नव्हे. जुना सरस उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ पडतो, त्यामुळे सांधा न मोडता उघडता येतो आणि पुन्हा बसवता येतो. चिंता करावी ती लाकूडच तडकले असेल तर, किंवा पूर्वी कोणी सांध्यात खिळे ठोकून वर लोखंडी पट्टी मारली असेल तर. अशी खुर्ची मी फुकटही घेणार नाही.

टाचणी
निवांत, तुमच्या वर्णनातच विक्रेत्याच्या विधानाचे उत्तर आहे. बैठकीखाली धातूच्या वेटोळ्या स्प्रिंगा लावण्याची पेटंटे १८२० च्या दशकात व्हिएन्ना आणि लंडन येथे घेतली गेली, आणि घरगुती खुर्च्यांमध्ये त्या सर्रास दिसू लागल्या त्यानंतरच्या दोन दशकांत. चिनी मातीची चाके आणि खोल बटणांची पाठ हाही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा आणि उत्तरार्धाचा थाट आहे. तेव्हा एकतर खुर्ची अठराव्या शतकातली नाही, किंवा ती संपूर्ण मूळ अवस्थेतली नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे अशक्य आहे.

रिकामटेकडा
माणसे आपले वय कमी करून सांगतात आणि खुर्च्यांचे वाढवून सांगतात, त्यामुळे जगाची सरासरी बरोबर राहत असावी.

उलटतपासणी
टाचणी यांच्याशी सहमत आहे, आणि शैलीविषयी एक इशारा जोडतो. खुर्चीचे पाय नागमोडी असतील तर 'पंधराव्या लुईच्या काळातली' आणि सरळ, उभ्या खोबणींचे असतील तर 'सोळाव्या लुईच्या काळातली' असे सांगण्याची पद्धत आहे. पहिली शैली साधारणपणे फ्रान्समधल्या १७७४ पर्यंतच्या राजवटीशी आणि दुसरी त्यानंतरच्या राजवटीशी जोडलेली आहे, हे खरे. परंतु एकोणिसाव्या शतकाने मागच्या जवळपास प्रत्येक शैलीच्या आवृत्त्या काढल्या आणि विसाव्या शतकाने त्या आवृत्त्यांच्याही आवृत्त्या काढल्या. त्यामुळे शैली पाहून एवढेच कळते की खुर्ची अमुक काळाच्या आधीची नाही. ती किती नंतरची आहे, हे सुतारपक्षी यांनी सांगितल्याप्रमाणे खालूनच कळते.

आणि मुळात शंभर वर्षांचा आग्रह तरी कशासाठी? शंभरी उलटलेली वस्तू अँटिक, हा व्यवहारातला संकेत आहे. बसणाऱ्याच्या कमरेला त्याची माहिती नसते. १९२० आणि ३० च्या दशकांतल्या गोलसर, रुंद हातांच्या क्लब खुर्च्या किंवा १९५० नंतरच्या सडपातळ लाकडी चौकटींच्या खुर्च्या कितीतरी अधिक सोयीच्या असतात. मखमलीचाच हट्ट नसेल, तर वाफेने वाकवलेल्या लाकडाची थोनेट या फर्निचर-निर्मात्याची १४ क्रमांकाची खुर्ची पाहा. १८५९ साली आलेल्या या खुर्चीत सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच पसारा आहे, आणि सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावत असत.

मखमली_काटा
थोनेट सुंदर आहे. तथापि धागा मखमलीचा आहे, म्हणून मूळ वाटेवर येतो.

मखमल हे एका धाग्याचे नाव नाही, ती विणण्याची रीत आहे. ताण्याचे जादा धागे वर उचलून त्यांची वेटोळी कापली, की लव उभी राहते. ही लव रेशमाची असू शकते, सुती असू शकते, अंगोरा शेळीच्या केसांची म्हणजे मोहेरची असू शकते, किंवा अलीकडची व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) आणि पॉलिएस्टरची असू शकते. बसण्याच्या दृष्टीने यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेशमी मखमल प्रकाशाने दुबळी होते आणि घासण्याने तुटते. ती पाहायची वस्तू आहे. मोहेर मात्र चिवट आणि लवचिक असते, दबलेली लव पुन्हा उभी राहते. रेल्वेच्या डब्यांतल्या आसनांना ती उगाच लावत नव्हते. सुती मखमल मधोमध बसते: दिसायला मऊ, निस्तेज आणि देखणी; मात्र जिथे रोज बसणे होते तिथे तिची लव चपटी होऊन चकाकू लागते. व्हिस्कोसवर पाणी सांडले, तर डाग पाण्याचाच राहतो आणि तो सहजी जात नाही.

नवी मखमल लावायची वेळ आली, तर विणकरांच्या पत्रकात मार्टिनडेल चाचणीचा, म्हणजे कापड घासून त्याचा टिकाऊपणा मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा पाहावा. रोजच्या घरगुती वापराला साधारण वीस-पंचवीस हजार फेरे टिकणारे कापड पुरते. आणि लवेची दिशा सांभाळायला सांगा. बैठकीवर तळहात मागून पुढे फिरवला तर तो सुळकन् सरकला पाहिजे आणि उलट फिरवताना अडखळला पाहिजे. पाठीवर लव वरून खाली वाहिली पाहिजे. जोडीतल्या एका खुर्चीवर कापड उलटे लागले, तर त्याच ठाणातल्या दोन खुर्च्या आयुष्यभर दोन निरनिराळ्या रंगांच्या दिसतात.

मांजरमालकीण
घरात मांजर असल्यास मखमलीचा विचार सोडून द्यावा का, हेही कोणी सांगावे. धाग्याला फाटा फोडते आहे, याबद्दल क्षमस्व.

मखमली_काटा
उलट, कापलेल्या लवेत नखे अडकायला वेटोळी नसतात, त्यामुळे जाड विणीच्या खडबडीत कापडापेक्षा मांजरांना तिचे आकर्षण कमी असते. केस मात्र इतके चिकटतात की, मांजराचा रंग आधी पाहून त्याप्रमाणे मखमल निवडावी.

जतन
मखमल बदलण्याची चर्चा फार लवकर सुरू झाली, असे नम्रपणे नोंदवतो. लाकडी चौकट पुष्कळ वेळा टिकते; मूळ कापड, मूळ भरण आणि ते बांधण्याची मूळ पद्धत मात्र क्वचितच टिकते, कारण प्रत्येक नवा मालक 'जरा नीटनेटके करू' म्हणून ते उपसून फेकून देतो. एकदा काढलेले गादीकाम पुन्हा तसेच करता येत नाही. बैठकीचा फुगीरपणा किती होता, कड किती धारदार होती, बटणांमधले अंतर किती होते, ही सगळी त्या काळाची माहिती त्या झिजलेल्या कापडाखाली असते.

शिवाय झिजलेली मखमल वाचवण्याचा जुनाच उपाय आहे. अठराव्या शतकातल्या श्रीमंत घरांतही भारी रेशमावर आणि मखमलीवर एरवी सुती किंवा तागाच्या साध्या कापडाचे सुटे अभ्रे चढवलेले असत आणि ते खास प्रसंगीच उतरवले जात. निवांत यांनी तसा अभ्रा शिवून घ्यावा, मखमल आत सुरक्षित राहील आणि अल्पमताला धुण्याजोगे कापडही मिळेल.

टाचणी
जतन, आपला मुद्दा संग्रहालयाच्या खुर्चीला शंभर टक्के लागू आहे. घरातल्या खुर्चीचे तसे नाही. खालच्या नवारीच्या पट्ट्या कुजून लोंबत असतील, तर बसणाऱ्याचे वजन स्प्रिंगांवर तिरके पडते, स्प्रिंगांचे दोर तुटतात आणि एक दिवस तार गोणपाट फाडून वर येते. वर कितीही सुंदर अभ्रा चढवला, तरी आतली पडझड थांबत नाही. बसायचे असेल तर आतले काम करावेच लागते.

मात्र 'आतले काम' म्हणजे सगळे उपसून फोम कोंबणे नव्हे, आणि इथे माझे आपल्याशी एकमत होईल. जुन्या भरणातले घोड्याचे केस ही टाकून द्यायची वस्तू मुळीच नाही. ते काढून, धुऊन, पिंजून पुन्हा भरता येतात आणि पुन्हा तितकेच ताठ उभे राहतात. त्याखाली काथ्या किंवा वाळके गवत असते, तेही बहुधा वाचते. स्प्रिंगा नव्याने आठही दिशांनी दोराने बांधायच्या, त्यावर गोणपाट, त्यावर केसांचा थर, आणि कडेला टाके घालून कड कडक करायची. असे काम काही दशके टिकते. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ चा आहे आणि फर्निचरमध्ये त्याचा मऊ फोम सर्रास आला १९५० नंतर. जुन्या खुर्चीत तो सापडला, तर कोणीतरी आधीच हात मारला आहे असे समजा. हा फोम म्हातारा झाला की पिवळा पडतो, चुरतो आणि बैठकीखाली वाळूसारखा सांडतो.

जतन
घोड्याच्या केसांविषयी सहमत आहे. विनंती एकच: काम सुरू करण्याआधी प्रत्येक थराची छायाचित्रे घ्यावीत, आणि काढलेल्या मखमलीचा, काठपट्टीचा आणि बटणाचा एकेक नमुना पाकिटात घालून त्यावर तारीख लिहून ठेवावा. संग्रहालय असो वा घर, यात कोणाचे काही जात नाही.

गणितबाई
सर्व सदस्य खुर्चीच्या वयाबद्दल बोलत आहेत, उंचीबद्दल मात्र कोणीच बोलत नाही, याचे आश्चर्य वाटते. कृपया मोजपट्टी घेऊन जावे. जेवणाच्या खुर्चीची बैठक साधारणपणे ४३ ते ४८ सेंटीमीटर उंच असते, आणि बैठक व टेबलाचा पृष्ठभाग यांत २५ ते ३० सेंटीमीटरचे अंतर लागते. आरामखुर्चीची बैठक ४० ते ४५ सेंटीमीटरच्या आसपास असावी. त्याखाली गेली, तर वयस्कर माणसाला उठताना हातांचा आधार लागतो, आणि या खुर्च्यांना हात नाहीत असे धागाकर्त्यांनीच लिहिले आहे. मोजताना बैठकीवर कोणालातरी बसवून मोजावे, कारण सैल स्प्रिंगांची बैठक वजनाने चांगलीच खाली जाते. खोलीसुद्धा पाहावी, ती ५५ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर बेताच्या उंचीच्या माणसाची पाठ तरी टेकते किंवा पाय तरी, दोन्ही एकदम टेकत नाहीत.

रिकामटेकडा
आमच्याकडच्या सोफ्यात माणूस एकदा बसला की सभा संपेपर्यंत उठू शकत नाही. त्यामुळे आमच्या सभांना गणसंख्येची अडचण कधी येत नाही.

सुतारपक्षी
ढेकणांचा आणि लाकडातल्या किडीचा प्रश्न तसाच राहून गेला आहे, तो घेतो. दोन्ही निरनिराळ्या गोष्टी आहेत.

लाकूड पोखरणाऱ्या सामान्य भुंगेऱ्याची भोके एक-दोन मिलिमीटरची, गोल असतात. भोक म्हणजे किडा बाहेर पडल्याची खूण, त्यामुळे जुनी, काळवंडलेली भोके घाबरण्यासारखी नाहीत. भोकाची कड ताज्या लाकडासारखी फिकट असेल आणि खुर्ची ठोकल्यावर खाली फिकट, बारीक पूड सांडत असेल, तर कीड चालू आहे. खुर्चीखाली काळा कागद पसरून ती महिनाभर बाजूला ठेवली, तर संशय उरत नाही.

ढेकणांसाठी बटणांचे खळगे, काठपट्टीची शिवण आणि तळाच्या कापडाची कड विजेरी धरून तपासावी. काळे ठिपके आणि टाकलेल्या पारदर्शक काती दिसल्या, तर ती खुर्ची घरात आणू नये. कसरीचा त्रास याहून निराळा असतो; तिच्या अळ्या लोकर, मोहेर आणि घोड्याचे केस खातात. जतन यांनी गोठवण्याच्या पद्धतीविषयी लिहावे.

जतन
संपूर्ण वस्तू प्लॅस्टिकच्या जाड आवरणात हवाबंद गुंडाळून उणे ३० अंशांवर तीन दिवस, किंवा उणे १८ ते २० अंशांवर किमान दोन आठवडे ठेवतात, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत आवरण उघडत नाहीत, म्हणजे पाणी वस्तूवर न साचता आवरणावर साचते. घरच्या फ्रीजमध्ये खुर्ची मावत नाही, पण मोठे शीतगृह असलेले जतनकार हे काम करतात. उष्णतेनेही कीड मरते; ढेकणांसाठी ५० अंशांहून अधिक तापमान आतपर्यंत पोहोचावे लागते; मात्र जुना सरस आणि लाखेचे पॉलिश असलेल्या वस्तूवर तो प्रयोग घरी करू नये.

निवांत
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मोजपट्टी, विजेरी आणि काळा कागद घेऊन पुन्हा गेलो. विक्रेते प्रथम नाराज झाले, नंतर मात्र स्वतःच खुर्ची धरून उभे राहिले. निरीक्षणे अशी:

बैठकीची उंची बसलेल्या अवस्थेत ३६ सेंटीमीटर भरली. चौकटीच्या आत करवतीच्या वळलेल्या खुणा आहेत. सांधे घट्ट आहेत, काही जुनी भोके आहेत, पूड नाही. तळाच्या कापडाचा एक कोपरा आधीच सुटला होता, तो उचलून पाहिला तेव्हा चौकटीच्या कडेला चुकांच्या (कापड ठोकायच्या बारीक खिळ्यांच्या) भोकांच्या एकाखाली एक अशा तीन-चार रांगा दिसल्या, आणि एका गंजलेल्या चुकेखाली नखाएवढी, विटकरी लाल रंगाची कापडाची चिंधी अडकलेली होती.

दोन प्रश्न उरले आहेत. इतकी ठेंगणी खुर्ची कशासाठी केली असेल? आणि एका परिचितांनी सांगितले की जुन्या हिरव्या रंगात आर्सेनिक असते, ते कितपत खरे आहे?

टाचणी
३६ सेंटीमीटर आणि बिनहाताची, म्हणजे ही बाळाला अंगावर घेऊन बसणाऱ्या आईसाठी केलेली खुर्ची असण्याचा संभव पुष्कळ आहे. एकोणिसाव्या शतकात त्या मोठ्या प्रमाणावर होत असत. बैठक खाली असल्यामुळे पाय जमिनीवर पक्के टेकतात, मांडी सपाट राहते, आणि हात नसल्यामुळे कोपरांना अडथळा होत नाही.

चुकांच्या रांगा तर फारच बोलक्या आहेत. प्रत्येक वेळी कापड बदलताना नव्या चुका थोड्या सरकवून माराव्या लागतात. त्यामुळे आजची हिरवी मखमल ही तिसरी किंवा चौथी आहे, आणि ती विटकरी चिंधी कदाचित पहिली.

परीक्षानळी
आर्सेनिकची शंका निराधार नाही. रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७५ साली तयार केलेला तांबे आणि आर्सेनिकयुक्त हिरवा रंग, आणि १८१४ साली आलेला त्याहून टवटवीत पाचू-हिरवा, हे दोन्ही एकोणिसाव्या शतकात भिंतीच्या कागदांवर, कृत्रिम फुलांच्या पानांवर आणि पातळ पोशाखी कापडांवर भरपूर वापरले गेले. डोळ्यांनी पाहून ते ओळखता येत नाहीत, आणि त्या काळातले हिरवे कापड असेल तर उपकरणाने तपासणी झाल्याशिवाय ते झटकू किंवा घासू नये.

परंतु आधी ही मखमल त्या काळातली आहे का, ते पाहावे. आतल्या घडीतून लवेचे चार-दोन तंतू चिमट्याने काढून, खुर्चीपासून दूर, मोकळ्या हवेत पेटवावेत. सुती किंवा व्हिस्कोसचे असतील तर कागदासारखे जळून मऊ राख उरते, मोहेर किंवा रेशीम असेल तर जळक्या केसांचा वास येतो, आणि कृत्रिम धागा असेल तर तो वितळून त्याचा टणक मणी होतो.

निवांत
विक्रेत्यांच्या परवानगीने आणि त्यांच्याच अंगणात ही परीक्षा केली. टणक मणी झाला.

परीक्षानळी
तर मग ही मखमल विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची आहे. आर्सेनिकचा प्रश्न या कापडापुरता मिटला. चिंधीचा रंगही लाल आहे.

रिकामटेकडा
अठराव्या शतकातले पॉलिएस्टर फारच दुर्मीळ असते. विक्रेत्यांनी किंमत वाढवली पाहिजे.

जतन
या पुराव्यानंतर मी माझा आक्षेप मागे घेतो. ही मखमल मूळ नाही, तिच्यासाठी चौकटीला ओलीस ठेवण्याचे कारण नाही. भरण मात्र जुने असू शकते, ते टाकू देऊ नका, आणि विटकरी चिंधी जिथे आहे तिथेच, त्याच चुकेखाली राहू द्या.

उलटतपासणी
मी मात्र विचारतो की, ३६ सेंटीमीटरच्या खुर्च्या बैठकीच्या खोलीत रोज वापरणार कोण? खुर्ची खरी आहे, बळकट आहे, हे मान्य. पाहुण्यांना तीवर बसवून आपण उंच सोफ्यावर बसलो, तर त्यांच्याशी बोलताना आपण न्यायाधीश असल्यासारखे दिसू.

गणितबाई
उंची वाढवण्यासाठी चाकांखाली ठोकळे लावण्याची सूचना कोणी करण्याआधीच तिला विरोध नोंदवते. भरण वाढवूनही दोन-तीन सेंटीमीटरच मिळतील आणि पाठीचे प्रमाण बिघडेल.

निवांत
उलटतपासणी आणि गणितबाई यांचे म्हणणे पटले, कारण अल्पमताने प्रत्यक्ष बसून पाहिले आणि उठताना माझा खांदा धरला. निर्णय असा झाला आहे की, ही जोडी 'एकोणिसाव्या शतकातील, नंतर पुन्हा मढवलेली' या नव्या वर्णनाला साजेशा किमतीत घ्यायची आणि पुस्तकांच्या कपाटाजवळ, बूट घालायला आणि खालचे कप्पे चाळायला ठेवायची. रोजच्या बसण्यासाठी १९३० च्या सुमाराची, हात असलेली, ४२ सेंटीमीटर बैठकीची एक खुर्ची वेगळी शोधतो आहे. जोडीला मोहेरची मखमल लावावी, असे मनात आहे. रंगाबद्दल घरात पुन्हा निवडणुका होतील.

मखमली_काटा
मोहेर घेताय, उत्तम. खिडकीचे थेट ऊन पडणार नाही अशी जागा आधी ठरवा आणि रंग त्या जागेच्या उजेडात, कापडाचा निदान हातभर तुकडा खुर्चीवर उभा टाकून ठरवा. तळहाताएवढ्या नमुन्यावर मखमलीचा रंग कधीच खरा कळत नाही, कारण लव ज्या कोनातून पाहावी तशी गडद किंवा फिकट दिसते. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशच्या तोंडाने, कमी जोरावर, लवेच्या दिशेने व्हॅक्यूम फिरवला की पुरे. दबलेल्या जागी वाफ लांबून द्यावी. इस्त्री टेकवू नये.

सुतारपक्षी
आणताना एक सांभाळा. खुर्ची पाठीला धरून उचलू नका, बैठकीच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी धरा. चिनी मातीची चाके फरशीवरून ओढत नेली, तर त्यांच्या कडेचे टवके उडतात, आणि त्या मापाचे, त्याच पांढऱ्या छटेचे जुने चाक मिळवणे हे नवी मखमल मिळवण्यापेक्षा कठीण आहे. जागेवर ठेवल्यावर प्रत्येक चाकाखाली लाकडी वाटी द्या.

निवांत
वाट्या आजच सांगतो. चारांपैकी एक चाक आधीच हललेले आहे, त्याचे काय करावे?

सुतारपक्षी
पितळी वाटीचा बाजूचा स्क्रू काढून आत पायाचे टोक झिजले आहे का, ते पाहा. झिजले असेल, तर त्यावर त्याच जातीच्या लाकडाची पातळ चकती सरसाने चिकटवून, आकार देऊन वाटी पुन्हा बसवावी. एपॉक्सी भरू नका, पुढच्या दुरुस्तीवाल्याला ते काढता येणार नाही.